मोठ्या दिव्यांग मुलाला घेऊन मुंबईत फिरताना : योग्य स्वच्छतागृह कसे शोधावे

मुंबईच्या लोकल गाडीत स्वच्छतागृह नसते. चर्चगेट ते विरार हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते कसारा त्याच्या जवळपास दुप्पट आहे, आणि एवढ्या वाटेवर धडधाकट माणूस ‘उतरल्यावर बघू’ म्हणून वेळ निभावून नेतो. ज्याच्या सोबत व्हीलचेअरवर बसणारा आणि स्वतःचे कपडे स्वतः सोडता न येणारा किशोरवयीन मुलगा आहे, त्याला मात्र तसे म्हणता येत नाही. उतरल्यावर जे स्वच्छतागृह दिसेल त्यात खुर्ची शिरेल, मदत करणारा माणूस मावेल आणि त्यानंतर दारही लागेल, याची कोणतीच शाश्वती नसते.

माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे) आहे आणि त्याचे वजन आता ४२ किलो आहे. तो सहा-सात वर्षांचा होता तोवर हा प्रश्न आम्हाला जाणवलाही नाही, कारण त्याला कडेवर घेऊन पायऱ्या चढता येत, उंबरठे ओलांडता येत, आणि तान्ह्या बाळांचे कपडे बदलण्याच्या फळीवर जागा नसली तर गाडीच्या आसनावर कपडे बदलता येत. मूल वाढते, आपली कंबर दुखू लागते, आणि ज्या ठिकाणी काल सहज जाता येत होते तेथे आज पाऊल टाकण्यापूर्वी विचार करावा लागतो. पुष्कळ कुटुंबे या एका कारणासाठी बाहेर जाणेच सोडून देतात. तसे होऊ नये, म्हणून गेल्या काही वर्षांत जे कामाला आले ते येथे सविस्तर मांडले आहे.

पाटीचा अर्थ

दारावर व्हीलचेअरचे चित्र असले की आतली सोय आपल्या मुलासाठी आहे, असे गृहीत धरू नये. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यता (म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येणे) मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशा स्वच्छतागृहाची आतली जागा किमान २२० बाय २०० सेंटिमीटर आणि दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर असावी लागते. एवढी जागा खरोखर असेल तर खुर्ची, मूल आणि मदतनीस तिघेही आत सामावतात. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी जुन्या, अरुंद शौचालयातच भिंतीला एक आधाराची दांडी ठोकलेली असते आणि बाहेर पाटी लावलेली असते. जो प्रौढ माणूस खुर्चीवरून स्वतः कमोडवर सरकू शकतो, त्याला तेवढ्यावर कदाचित भागवता येईल. परंतु ज्याला दोन्ही हातांनी धरून उभे करावे लागते आणि त्याच वेळी ज्याची पँट खाली करावी लागते, त्याच्यासाठी ती पाटी निरुपयोगी आहे.

दुसरी अडचण आडवे करण्याच्या जागेची. जी मुले डायपर वापरतात आणि ज्यांना उभे राहता येत नाही, त्यांचे कपडे बदलण्यासाठी त्यांना आडवे करावेच लागते. मॉलमध्ये किंवा विमानतळावर भिंतीला जी घडीची फळी असते ती तान्ह्या बाळांसाठी असते. तिच्यावर किती वजन चालते ते तिथेच लिहिलेले असते आणि मोठ्या मुलाला तिच्यावर ठेवणे सरळसरळ धोक्याचे आहे. इंग्लंडमध्ये ‘चेंजिंग प्लेसेस’ या नावाने अशा कुटुंबांसाठी वेगळी स्वच्छतागृहे असतात : १२ चौरस मीटरची खोली, वरखाली होणारा मोठ्या माणसाच्या मापाचा पलंग, उचलण्यासाठी यंत्र, आणि कमोडच्या दोन्ही बाजूंना मदतनीसांना उभे राहण्याइतकी मोकळी जागा. १ जानेवारी २०२१ पासून तेथील काही प्रकारच्या मोठ्या नव्या इमारतींत अशी खोली बांधणे बंधनकारक झाले. आपल्याकडे कोणती सोय मागायची, हे नेमके सांगता यावे म्हणून हा तपशील लक्षात ठेवावा. तूर्त मात्र मुंबईत अशी खोली मिळेल असे धरून घराबाहेर पडता येत नाही, तेव्हा आहे त्यातून मार्ग काढावा लागतो.

दोन गाठींची नाडी

मी शिवणाच्या डब्यातली एक पांढरी सुती नाडी घेऊन तिच्यावर दोन गाठी मारल्या आहेत. टोकापासून पहिली गाठ ६४ सेंटिमीटरवर आहे. ती आमच्या खुर्चीची बाहेरून बाहेरपर्यंतची, म्हणजे हाताने फिरवायच्या कड्यांसकटची रुंदी आहे. दुसरी गाठ १०६ सेंटिमीटरवर आहे. ती पाय ठेवण्याच्या पट्ट्यांसह खुर्चीची लांबी आहे. मुलाला बाहेर सोबतच्या माणसाकडे ठेवून मी एकटी आत जाते, दाराच्या चौकटीला नाडी लावते, मग दार बंद करून दारापासून कमोडपर्यंतची जागा मोजते. दार आत उघडत असेल तर त्याला फिरायला लागणारी जागा वजा करावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी घोटाळा इथेच होतो : खुर्ची आत जाते, पण दार तिच्या मागच्या चाकांना अडते. अर्ध्या मिनिटाच्या या मोजमापामुळे मुलाला आत नेऊन, अडकून, पुन्हा उलट बाहेर काढण्याची वेळ येत नाही. प्रत्येकाने आपापल्या खुर्चीचे माप घेऊन अशी नाडी करून ठेवावी. सेंटिमीटर पाठ करण्यापेक्षा गाठ बोटाला लागणे घाईच्या वेळी जास्त उपयोगी पडते.

मोजताना आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. उंबरठा किती उंच आहे. फरशी ओली आणि गुळगुळीत आहे का. आणि आधाराची दांडी हलते का. दांडीवर आधी आपला पूर्ण भार टाकून पाहिल्याशिवाय मुलाचा हात तिच्यावर ठेवू नये.

फोनवर काय विचारावे

ठरलेल्या ठिकाणी जायचे असेल तर आदल्या दिवशी फोन करावा. ‘तुमच्याकडे दिव्यांगांसाठी स्वच्छतागृह आहे का?’ असा प्रश्न विचारला की बहुधा ‘आहे’ एवढेच उत्तर मिळते, कारण विचारणाऱ्याला काय हवे आहे ते समोरच्याला कळलेले नसते. त्याऐवजी असे विचारावे : ते कोणत्या मजल्यावर आहे आणि तिथपर्यंत एकही पायरी न चढता जाता येते का, त्याला स्वतंत्र दार आहे की स्त्रियांच्या किंवा पुरुषांच्या विभागातून जावे लागते, कमोड आहे की भारतीय पद्धतीचे भांडे, दाराला कुलूप असते का आणि किल्ली कोणाकडे असते. शेवटी, व्हॉट्सअ‍ॅपवर आतले एक छायाचित्र पाठवण्याची विनंती करावी. या प्रश्नांच्या उत्तरांतून जे कळत नाही ते छायाचित्रात दिसते, विशेषतः आत साठवलेल्या खुर्च्या, फिनाईलचे डबे आणि मोडके फर्निचर.

फोन शक्य नसेल तर गूगल मॅप्सवर त्या जागेची माहिती उघडावी. अनेक मॉल, उपाहारगृहे आणि रुग्णालये यांच्या माहितीत प्रवेशद्वार आणि स्वच्छतागृह व्हीलचेअरसाठी सुगम आहे की नाही याची नोंद असते. ती नोंद शेवटचा शब्द मानू नये. मात्र लोकांनी टाकलेली छायाचित्रे नीट पाहिली तर प्रवेशापाशी पायरी आहे की उतार, एवढे तरी घरबसल्या समजते.

मुंबईत कुठे पाहावे

मी प्रवासाचा रस्ता ठरवताना आधी स्वच्छतागृहे ठरवते आणि मग त्यांना जोडणारी गाडी शोधते. रस्ता थोडा लांबचा झाला तरी चालतो.

सर्वांत भरवशाच्या जागा म्हणजे मोठे मॉल. फिनिक्स पॅलेडियम लोअर परळला आहे, आर सिटी घाटकोपरला आहे, गोरेगाव-मालाडच्या पट्ट्यात ओबेरॉय, इनऑर्बिट आणि इन्फिनिटी आहेत. म्हणजे पश्चिम, मध्य आणि दक्षिण अशा तिन्ही अंगांना वाटेत एखादा मॉल सापडतो. खरेदी करायची नसली तरी आत जायला हरकत नसते, लिफ्ट असते, आणि सकाळी मॉल उघडल्यानंतरच्या पहिल्या तासात स्वच्छतागृह कोरडे असते. तळमजल्यावर आणि खाद्यपदार्थांच्या मजल्यावर गर्दी असते, म्हणून मधल्या, कपड्यांच्या दुकानांच्या मजल्यावरचे निवडावे. सुरक्षारक्षकाला प्रथमोपचार कक्ष कुठे आहे तेही विचारून ठेवावे. तेथे पलंग असतो आणि परिस्थिती समजावून सांगितली तर दहा मिनिटांसाठी तो बहुतेक वेळा मिळतो.

त्यानंतर रुग्णालये. ज्यांची मुले हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत किंवा परळच्या वाडिया रुग्णालयात उपचारांसाठी जातात, त्यांना तेथील वाटा ठाऊक असतातच. परंतु उपचार नसतानाही वाटेवरचे मोठे रुग्णालय अडचणीच्या वेळी उपयोगी पडते, कारण तेथे उतार असतो, तपासणीचा पलंग असतो, आणि मोठ्या मुलाला डायपर का लागतो हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. बाह्यरुग्ण विभागाची वेळ संपल्यानंतर, दुपारी, तेथील परिचारिकांना विनंती करणे सोपे जाते. रुग्णांचा खोळंबा होईल अशा वेळी मात्र मागू नये.

मेट्रोने प्रवासाचे गणित बदलले आहे. वर्सोवा-घाटकोपर मार्ग २०१४ साली सुरू झाला, दहिसर-अंधेरीच्या २अ आणि ७ या मार्गिका २०२२-२३ मध्ये, आणि आरे ते कफ परेड ही ‘मार्गिका ३’ नावाची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्ट आणि गाडीत सपाट प्रवेश यांमुळे मुलाला उचलावे लागत नाही, आणि गाड्या ठरावीक अंतराने येत असल्यामुळे मध्येच उतरून पुन्हा चढणे शक्य होते. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात एकदा चढल्यावर मधल्या स्थानकावर उतरण्याचे धाडस कोण करील? मेट्रो स्थानकावर पोहोचल्याबरोबर ग्राहक सेवा कक्षात दोन गोष्टी विचाराव्यात : स्वच्छतागृह तिकीट तपासणीच्या फाटकाच्या आत आहे की बाहेर, आणि रस्त्यावर नेणारी लिफ्ट कोणत्या प्रवेशद्वारापाशी आहे. लिफ्ट प्रत्येक प्रवेशद्वाराला असेलच असे नाही.

रेल्वे स्थानकांवर जायचे झाल्यास मोठी स्थानके निवडावीत आणि आधी स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात जावे. लांब पल्ल्याच्या गाडीचे निश्चित तिकीट असेल तर टर्मिनसवरील विश्रामकक्ष आरक्षित करता येतो. पलंग, दार आणि जोडून असलेले न्हाणीघर मिळत असल्यामुळे मोठ्या मुलासाठी तो पैसा सत्कारणी लागतो. गाडी निवडताना हे ध्यानात घ्यावे की वंदे भारतच्या दोन्ही टोकांच्या डब्यांत दिव्यांगांसाठी रुंद स्वच्छतागृह असते, आणि बऱ्याच मेल-एक्सप्रेस गाड्यांना जोडलेल्या दिव्यांगांच्या डब्यातही तशी सोय असते. आरक्षण त्याच डब्यात करावे. चालत्या गाडीत डबे ओलांडून खुर्ची नेता येत नाही.

लग्नकार्य हा आमच्याकडचा नेहमीचा प्रश्न. मंगल कार्यालयातील पाहुण्यांची स्वच्छतागृहे बहुधा अरुंद असतात आणि जेवणाच्या पंगती सुरू झाल्या की तेथे पाणीच पाणी होते. परंतु बहुतेक कार्यालयांत वधूपक्ष आणि वरपक्ष यांच्यासाठी न्हाणीघरासह खोल्या असतात. आमंत्रण आले की यजमानांना मोकळेपणाने सांगावे, ‘काकू, मुहूर्त लागला की वीस मिनिटं तुमच्या खोलीची किल्ली लागेल.’ आजवर मला कोणीही नाही म्हटलेले नाही. अक्षता पडत असताना खोली रिकामी असते, हीच ती वेळ. नाट्यगृहाच्या बाबतीत मध्यंतराची वाट पाहू नये. मध्यंतरापूर्वी दहा मिनिटे बाहेर पडावे, आणि आसन आरक्षित करतानाच कडेची, दाराजवळची जागा मागावी.

रस्त्यावरच्या पैसे देऊन वापरायच्या शौचालयांबद्दल थोडक्यात सांगायचे तर, माझ्या अनुभवात तेथे जमिनीवरचे भांडे आणि दोन-तीन पायऱ्या असण्याचीच शक्यता अधिक असते. नव्याने बांधलेल्या काही ठिकाणी उतार आणि कमोड असतो, तो पाहून ठेवावा. पेट्रोल पंपावरही स्वच्छतागृह असते, मात्र खुर्ची आत जाईल असे क्वचितच.

आई आणि मोठा मुलगा, वडील आणि मोठी मुलगी

मुलगा नऊ-दहा वर्षांचा होईपर्यंत त्याला स्त्रियांच्या विभागात नेले तर कोणी काही म्हणत नाही. पुढे मिसरूड फुटले की नजरा बदलतात, आणि त्या नजरा मुलालाही कळतात. ज्या वडिलांना वयात आलेल्या मुलीला घेऊन जावे लागते त्यांची अडचण तर याहून अवघड असते. म्हणून स्वतंत्र दाराचे, स्त्री-पुरुष दोघांनाही चालणारे स्वच्छतागृह शोधणे हाच खरा उपाय आहे. वर उल्लेख केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही मदतनीस दुसऱ्या लिंगाचा असू शकतो हे लक्षात घेऊन अशीच व्यवस्था सुचवलेली आहे.

तसे स्वच्छतागृह नसेल तर लपतछपत आत जाऊ नये. सफाई करणाऱ्या मावशींना आधी सांगावे : ‘मावशी, मुलगा मोठा आहे, पण त्याला एकट्याला जमत नाही. दहा मिनिटं दाराशी उभ्या राहाल का?’ त्या आत डोकावून मोकळे आहे का पाहतात, दारात उभ्या राहतात आणि येणाऱ्या बायकांना स्वतःच समजावतात. मुलीसोबत असलेल्या वडिलांनी हीच विनंती मावशींनाच करावी, सुरक्षारक्षकाला नव्हे. आणि सर्वांत आधी मुलाला सांगावे, त्याच्याशी बोलावे, कोणता कपडा केव्हा काढणार ते त्याला विचारून करावे. त्याला बोलता येत नसले तरी तो १४ वर्षांचा आहे.

वेळ आणि पिशवी

जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत आतड्यांची हालचाल वाढते. म्हणून बाहेर पडण्यापूर्वी पाऊण तास आधी खाऊ घालून, घरीच कमोडवर बसवून मग निघावे. बाहेर गेल्यावर भूक किंवा हट्ट यांची वाट न पाहता घड्याळ पाहून दर दोन-अडीच तासांनी स्वच्छतागृहाचा थांबा घ्यावा. पाणी कमी पाजून वेळ मारून नेण्याचा मोह होतो, तो टाळावा. त्यातून बद्धकोष्ठ वाढतो आणि लघवीचा संसर्ग होतो. ज्या मुलांना नळी घालून ठरावीक वेळाने मूत्राशय रिकामे करावे लागते, त्यांच्या वेळा डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच पाळाव्यात आणि थांबे त्या वेळांना जुळवावेत. त्यासाठी कमोडपेक्षा स्वच्छ हात, उजेड आणि कोरडी बसण्याची जागा अधिक महत्त्वाची असते.

पिशवीत मेणकापड असावेच. ते दोन बाजूंना वेगवेगळ्या रंगांचे असले तर जमिनीकडची बाजू कोणती हे चुकत नाही. त्याखेरीज बाजूने उघडणारे डायपर, कारण ओढून चढवायच्या डायपरसाठी बूट आणि पायांचे पट्टे काढावे लागतात. एक जुनी धुतलेली साडी, जी दार लागत नसेल तेथे आडोशाला धरता येते. पाण्याची बाटली, कारण नळाला पाणी असेलच असे नाही. झाकणाचे लघवीचे भांडे. आणि वापरलेले डायपर गुंडाळण्यासाठी वर्तमानपत्र. ते कमोडमध्ये टाकू नयेत, गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकावेत. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांपैकी अनेकांना हात वाळवण्याच्या यंत्राचा आवाज आणि आपोआप सुटणारे पाणी यांची धास्ती वाटते. कमोडमागच्या सेन्सरवर चिकटपट्टीचा तुकडा लावला की पाणी अवेळी सुटत नाही, आणि निघताना तो काढून घ्यावा. पावसाळ्यात सारे दुप्पट न्यावे. रुळांवर पाणी साचून गाडी दोन स्थानकांच्या मध्ये उभी राहिली तर दोन तासांचा प्रवास पाच तासांचा होतो.

मुलाला थोडेफार उभे राहता येत असेल तर खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावून, पायपट्ट्या वर करून, आपले गुडघे वाकवून त्याला दांडीला धरून उभे करावे आणि उभ्यानेच बदलावे. ही पद्धत फिजिओथेरपिस्टकडून घरच्या न्हाणीघरात शिकून घ्यावी. बाहेरच्या ओल्या फरशीवर तिचा पहिला प्रयोग करू नये.

कुलूप लागलेले दार

दोन वर्षांपूर्वी एका स्थानकावर दिव्यांगांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होते. किल्ली शोधण्यात वीस मिनिटे गेली, आणि दार उघडल्यावर आत झाडू, बादल्या आणि चुन्याची पोती निघाली. माझ्या मुलाने तोपर्यंत मान खाली घातली होती. त्या दिवशी आम्ही पुढे न जाता तसेच घरी परतलो, आणि मी त्या दाराचे छायाचित्र, दिनांक आणि वेळ यांसह तक्रार लिहिली.

तक्रार करणे हा उपकार मागण्याचा प्रकार नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक इमारती सुगम असणे हे कायद्याचे बंधन आहे. त्याच्या कलम ८९ मध्ये पहिल्या उल्लंघनासाठी १०,००० रुपयांपर्यंत आणि पुढील प्रत्येक उल्लंघनासाठी ५०,००० ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत, असे स्पष्ट केले. महापालिकेच्या स्वच्छतागृहाबद्दल १९१६ या क्रमांकावर, रेल्वेच्या आवाराबद्दल १३९ वर तक्रार नोंदवता येते. कोणत्याही सार्वजनिक जागेचे छायाचित्र ‘सुगम्य भारत’ या अ‍ॅपवरून पाठवता येते, आणि दाद लागली नाही तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे लेखी अर्ज करता येतो. तक्रार क्रमांक वहीत उतरवून ठेवावा आणि पंधरा दिवसांनी त्याच क्रमांकाचा उल्लेख करून पुन्हा लिहावे.

आमच्या त्या स्थानकावरच्या बादल्या आणि पोती तिसऱ्या पत्रानंतर हलली. कुलूप अजूनही असते, पण किल्ली कोणत्या खोलीत मिळेल ते आता दारावरच लिहिलेले आहे.